सहा महिने सिंड्रेला, सहा महिने ब्रेझनेव : एरिक बुलातोव यांचं प्रकरण

एरिक बुलातोव १९५८ साली मॉस्कोच्या सुरिकोव कला संस्थेतून बाहेर पडले, तेव्हा पंचविशीला टेकले होते. जन्म १९३३चा, उरल भागातल्या स्वेर्दलोवस्कचा, म्हणजे आजच्या येकातेरिनबुर्गचा. वडील पक्षाचे माणूस, १९४४ मध्ये युद्धात गेले. आई स्टेनोग्राफर. मुलगा शाळकरी वयापासूनच चित्रकलेच्या खास शाळेत होता, त्यानंतर सुरिकोवमध्ये सहा वर्षं. हात असा तयार झाला होता की माणूस सांगा, घोडा सांगा, पावसाळी रस्ता सांगा, काढून देतील.

पुढचा रस्ता आखलेलाच होता. चित्रकार संघाचं सदस्यत्व मिळवायचं, संघामार्फत सरकारी कामं घ्यायची, भट्टीसमोरचे पोलाद कामगार आणि व्यासपीठावरचे नेते रंगवायचे, यथावकाश स्टुडिओ आणि मानसन्मान. बुलातोव त्या रस्त्याने गेले नाहीत. पण रस्त्यात उभं राहून दगडही मारले नाहीत. त्यांनी वर्षाचे दोन तुकडे केले. एक तुकडा लहान मुलांच्या पुस्तकांना, दुसरा स्वतःच्या कॅनव्हासला. ही घडी तीस वर्षं टिकली. मला त्यांच्या चित्रांइतकंच या घडीचं कुतूहल आहे, कारण माझ्या मते ती चित्रं या घडीतूनच निघाली आहेत.

अडचण नेमकी काय होती

सोव्हिएत काळातल्या चित्रकाराची अडचण म्हटली की आपल्याला लगेच सेन्सॉर आणि तुरुंग आठवतो. रोजची अडचण त्याहून साधी होती. चित्र विकायला खाजगी बाजारच नव्हता. गॅलरी नाही, दलाल नाही, हौशी शेठजी नाही. गिऱ्हाईक एकच, सरकार. त्या गिऱ्हाइकाला नको असलेलं चित्र काढायचं तर ते काढून भिंतीला टेकवून ठेवायचं, बस.

आणि घरी बसून नुसतं चित्र काढतो म्हणण्याचीही सोय नव्हती. १९६१ मध्ये ‘परजीवी’ लोकांविरुद्ध फर्मान निघालं. ज्याच्याकडे दाखवायला नोकरी नाही किंवा कुठल्या मान्य संघटनेचा कागद नाही, तो समाजाच्या जिवावर जगणारा. कवी जोसेफ ब्रोड्स्की यांना १९६४ मध्ये याच आरोपाखाली पाच वर्षांची शिक्षा होऊन उत्तरेला अर्खांगेल्स्क प्रांतात पाठवलं गेलं. कविता करणं हे काम कसं, असं न्यायाधीशबाई त्यांना विचारत होत्या. म्हणजे स्वतंत्र चित्रकाराला पैसा तर हवाच होता, पण त्याहून आधी हवा होता कागद.

स्वतंत्र व्हायचं कशासाठी, हाही प्रश्न होताच. संस्थेत शिकत असतानाच बुलातोव यांना दोन म्हातारे भेटले होते. एक रॉबर्ट फाल्क, क्रांतीपूर्व काळातल्या ‘चौकटचा गुलाम’ या बंडखोर गटातले, फ्रेंच चित्रकार सेझानच्या वाटेचे रंगचित्रकार. दुसरे व्लादिमिर फाव्होर्स्की, लाकडावर कोरून छापणारे, पुस्तकांचे मोठे चित्रकार. दोघांचाही जन्म १८८६चा, दोघांवरही ‘रूपवादी’, म्हणजे आशयापेक्षा रूपाच्या नादी लागलेले, असा शिक्का बसलेला, दोघांचीही नावं घेणं काही काळ जड होतं. फाल्क १९५८ मध्येच गेले. फाव्होर्स्कींकडे मात्र बुलातोव आणि त्यांचा वर्गमित्र ओलेग वासिलिएव जात राहिले. संस्थेने सहा वर्षं जे शिकवलं ते बाजूला ठेवून हे दोघे तिथे पुन्हा पहिलीत बसले. फाव्होर्स्कींनी त्यांना सांगितलं ते दिसायला अगदी सोपं होतं. चित्र हे एक पृष्ठ आहे आणि चित्र ही एक जागाही आहे. पृष्ठ डोळ्याला थांबवतं, जागा डोळ्याला आत ओढते. या दोन गोष्टींचं एकमेकींशी काय चाललंय, तेच चित्र. बुलातोव यांनी जन्मभर हे एकच वाक्य रंगवलं म्हटलं तरी चालेल.

फाव्होर्स्कींकडून आणखी एक गोष्ट दिसत होती, जी ते तोंडाने सांगत होते की नाही कुणास ठाऊक: पुस्तकांवर पोट भरता येतं आणि मान ताठ ठेवता येते.

तोडगा

१९५९ पासून बुलातोव आणि वासिलिएव ‘देतगिझ’ या बालसाहित्याच्या सरकारी प्रकाशनासाठी, आणि नंतर ‘मालिश’ या तसल्याच दुसऱ्या प्रकाशनासाठीही, मिळून चित्रं काढू लागले. पेरोच्या परीकथा, अँडरसन, मुलांच्या कविता. वर्षाचा निम्मा भाग पुस्तकांत जायचा. त्यातून मिळालेल्या पैशांवर उरलेला निम्मा भाग चित्रांत. या दुसऱ्या भागात कुणाची मागणी नाही, कुणाची मुदत नाही, आणि ते चित्र कुणी बघेल अशी आशाही नाही.

हे दोघंच असे नव्हते. मुलांचं पुस्तक हा त्या देशात जुना आसरा होता. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकापासून लेनिनग्राडमध्ये दानिल खार्म्ससारखा विक्षिप्त प्रतिभेचा लेखक मुलांच्या मासिकांवर जगत होता, आणि त्याचं मोठ्यांसाठीचं लिखाण पेटीत पडून होतं. साठच्या दशकात तेच पुन्हा झालं. इल्या कबाकोव मुलांची पुस्तकं रंगवत होते, व्हिक्टर पिवोवारोवही. गेनरिख सापगिर हे भूमिगत वर्तुळातले कवी मुलांसाठी कविता आणि कार्टूनपट लिहीत होते. देशातले सगळ्यात न छापले जाणारे लेखक-चित्रकार लाखोंच्या प्रतींनी छापले जात होते, फक्त सहा वर्षांखालच्या वाचकांसाठी. आया ती पुस्तकं झोपताना वाचून दाखवत होत्या आणि त्यांना याचा पत्ता नव्हता.

आपल्याकडच्या एका पिढीने त्या देशातली मुलांची पुस्तकं हाताळली आहेत. मॉस्कोच्या प्रगती आणि रादुगा प्रकाशनांनी मराठीत छापलेली, अनिल हवालदारांनी तिकडे बसून भाषांतरित केलेली, आणि लोकवाङ्मय गृहाच्या प्रदर्शनातून चार-दोन रुपयांत घरी आलेली. आमच्याही घरी होती. जाड पांढरा कागद, एक परका शाईचा वास, आणि चित्रं अशी की गोष्ट विसरली तरी अस्वलाच्या घरातली खुर्ची आठवते. चित्रकाराचं नाव बघायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. आता वाटतं, त्या आडनावांच्या मागे कोण कोण लपलं होतं ते एकदा नीट बघायला हवं होतं.

तिसरा चित्रकार

या प्रकरणातला सगळ्यात चमत्कारिक भाग इथे आहे. बुलातोव आणि वासिलिएव पुस्तकावर दोन नावं घालत, पण ‘हे पान तुझं, हे माझं’ अशी वाटणी नसे. एकाच चित्रावर दोघांचा हात चाले. आणि दोघांचे स्वभाव वेगळे. बुलातोव कडक, रचनेचे, कडा धारदार ठेवणारे. वासिलिएव प्रकाशाचे, आठवणीतल्या झाडीचे, विरून जाणाऱ्या गोष्टींचे. मिळून काम करायचं तर दोघांनीही आपापला हात खुंटीला टांगून ठेवायचा आणि तिसराच कुणी चित्रकार उभा करायचा. असा तिसरा चित्रकार आपण बनवला होता, असं ते पुढे सांगत.

या तिसऱ्याचा नियम असा, की चित्र बघून मुलाला वाटलं पाहिजे, ‘हो, मला असंच वाटलं होतं.’ राजवाडा म्हणजे राजवाडाच. राजपुत्र देखणा, काच चकचकीत, रात्र निळी. चित्रकाराने मध्ये येऊन ‘बघा, मी राजवाडा कसा वेगळा काढला’ असं म्हणायचं नाही.

कबाकोव यांचं याच कामाबद्दलचं मत अगदी उलट होतं. ते या पुस्तकांकडे वेठ म्हणून बघत. संपादकाला काय चालेल ते ओळखायचं आणि तसं काढून द्यायचं. त्या संपादकी डोळ्याचा कंटाळा त्यांनी पुढे आपल्या कलेत जाहीर वापरला. बुलातोव यांना मात्र हे काम मनापासून आवडायचं. मला हा फरक स्वभावाचा वाटत नाही, उपयोगाचा वाटतो. कबाकोवना पुस्तकातून पगार आणि कटुता मिळाली. बुलातोवना पगार आणि एक हत्यार मिळालं.

हत्यार कुठलं ते बघायला १९७१ हे साल पुरेसं आहे. त्या वर्षी ‘मालिश’ने या जोडीची ‘सिंड्रेला’ काढली. आणि त्याच वर्षी बुलातोव यांनी ‘क्षितिज’ नावाच्या कॅनव्हासला हात घातला.

‘क्षितिज’ जवळून

समुद्रकिनारा. पाठमोरी माणसं पाण्याकडे निघाली आहेत. अंगात सुट्टीचे कपडे नाहीत, पुरुष कोटात, बायका ऑफिसला निघाल्यासारख्या नीटनेटक्या. ऊन स्वच्छ, वाळू स्वच्छ. रंग अगदी पर्यटन खात्याच्या पोस्टकार्डासारखे, जरा जास्तच आनंदी. नजर त्या माणसांबरोबर आपोआप पुढे जाते, समुद्रावर, आणि जिथे पाणी आणि आभाळ भेटायला हवं तिथे पोचते.

तिथे क्षितिज नाही. तिथे एक लाल पट्टा आहे, वर-खाली सोनेरी काठ असलेला. सोव्हिएत सरकारचा सर्वोच्च सन्मान असलेल्या लेनिन पदकाची फीत. ती कॅनव्हासच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ, सपाट पसरली आहे. तिला सावली नाही, तिच्यावर ऊन नाही. ती समुद्रावर नाहीच, ती चित्राच्या पृष्ठावर आहे, आपल्या नाकासमोर. आत शिरलेली नजर धप्पकन बाहेर येते.

फाव्होर्स्कींचं वाक्य इथे कसं कामाला लागलंय बघा. जागा म्हणजे समुद्र, हवा, मोकळेपण. पृष्ठ म्हणजे फीत. दोघांचं भांडण आहे आणि त्या भांडणाला राजकीय नाव देण्याची गरजही पडत नाही. चित्रात कुणी कुणाला अडवलेलं नाही, पोलीस नाही, तार नाही. माणसं मजेत चालली आहेत.

आता समजा हेच चित्र कुणी फराटेदार, संतापलेल्या ब्रशने रंगवलं असतं. आपण लगेच म्हणालो असतो, हा चित्रकार चिडलाय, आणि त्याच्या चिडण्याकडे बघत बसलो असतो. बुलातोव यांनी ते तिसऱ्या चित्रकाराला रंगवायला दिलं. त्याला स्वतःचं मत नाही, हस्ताक्षर नाही. तो फक्त सगळ्यांच्या डोक्यात आधीपासून असलेलं चित्र काढतो. सिंड्रेलाचा राजवाडा जसा मुलाच्या डोक्यातला, तसा हा किनारा सोव्हिएत नागरिकाच्या डोक्यातला. मुलांच्या पुस्तकाने शिकवलेला हा बिनचेहऱ्याचा गुळगुळीतपणा मोठ्यांच्या चित्रात आला आणि भयंकर झाला. हे माझं वाचन आहे, बुलातोव यांनी असं म्हटल्याचा दावा मी करत नाही. पण दोन्ही कामं शेजारी ठेवली की दुसरं काही सुचत नाही.

१९७५चं ‘कम्युनिस्ट पक्षाचा विजय असो’ त्याहून उघडं आहे. जवळपास २.३ मीटरचा चौरस, सगळा आभाळाचा, पांढरे ढग. त्यावर ही घोषणा प्रचंड लाल अक्षरांत. रशियात ती प्रत्येक कारखान्यावर, प्रत्येक गच्चीवर होती, त्यामुळे वाचायची कुणी तसदी घेत नसे. पहिल्या नजरेत ते घोषणाफलकच वाटतं. थोडं थांबलं की अक्षरं आणि आभाळ सुटे होतात. अक्षरं काचेवर चिकटवल्यासारखी पुढे, आभाळ त्यांच्या पाठी खूप लांब, मोकळं. अक्षरांच्या फटींतून ते दिसतं. गजांमधून दिसतं तसं.

आणि ‘क्रासिकोव रस्ता’, १९७७. दीड मीटर उंच, जवळपास दोन मीटर रुंद. मॉस्कोच्या दक्षिणेकडचा खरा रस्ता, आता त्याचं नाव नाखिमोव्स्की प्रॉस्पेक्ट. लोक आपल्याकडे पाठ करून कामाला चालले आहेत. समोर फलकावर लेनिन, कोटाची बटणं उघडी, लांब ढांग टाकत सगळ्यांच्या विरुद्ध दिशेने आपल्याकडे येतोय. त्या रस्त्यावरच्या एकाही माणसाची मान त्याच्याकडे वळलेली नाही. हे चित्र मी छापील रूपातच पाहिलं आहे, तरी दर वेळी माझी नजर आधी लेनिनकडे न जाता त्या चालणाऱ्यांच्या पिशव्यांकडे जाते.

एका माणसाचा हात किती प्रकारचा असू शकतो याची यादी करायची तर ती लांबेल. साठच्या दशकातली जवळजवळ अमूर्त ‘छेद’सारखी चित्रं, पत्नी नताशाचं व्यक्तिचित्र, टीव्हीच्या बातम्यांसमोर बसलेली एकटी म्हातारी, क्रिमियातल्या फुलांपुढे त्या वेळचे सोव्हिएत सर्वेसर्वा ब्रेझनेव, रंगीत पेन्सिलीने महिनोन्‌महिने घासून केलेली रेखाटनं, नुसत्या शब्दांची चित्रं. मित्र कवी वसेवोलोद नेक्रासोव यांच्या कवितेतले दोन शब्द, ‘जगतो – पाहतो’, त्यांनी पुन्हापुन्हा रंगवले. पण ही विविधता अनेक शैली फिरून बघणाऱ्याची नाही. शैली हा कोट असल्यासारखा ते अंगात घालत आणि काढत, आणि हे त्यांनी दर वर्षी ठरल्या दिवशी केलं होतं.

किंमत

या घडीची किंमत दोन बाजूंनी मोजावी लागली.

एक म्हणजे अंधार. १९६८ मध्ये मॉस्कोच्या ‘निळा पक्षी’ कॅफेत एका संध्याकाळपुरतं प्रदर्शन, तसंच आणखी काही थोडंफार. बाकी चिस्तीये प्रुदी भागातला माळ्यावरचा स्टुडिओ आणि तिथे जिने चढून येणारे मित्र. काही चित्रं परदेशी लोकांबरोबर देशाबाहेर जात. नॉर्टन डॉज या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने अशी हजारो सोव्हिएत चित्रं जमवली, म्हणून ‘क्रासिकोव रस्ता’ आज न्यू जर्सीत रटगर्स विद्यापीठाच्या संग्रहालयात आहे. बुलातोव यांचं पहिलं मोठं एकल प्रदर्शन झालं १९८८ मध्ये, झुरिकला, पाठोपाठ पॅरिसच्या पाँपिदू केंद्रात. वय पंचावन्न. मॉस्कोच्या त्रेत्याकोव गॅलरीत मोठं प्रदर्शन व्हायला २००६ उजाडलं, तेव्हा ते सत्तरी पार केलेले.

दुसरी बाजू नैतिक आहे आणि ती मला टाळता येत नाही. १५ सप्टेंबर १९७४ ला चित्रकार ऑस्कर राबिन आणि त्यांच्या मित्रांनी मॉस्कोच्या कडेला बेल्याएवोच्या माळावर उघड्यावर चित्रं मांडली आणि सरकारने त्यांच्यावर बुलडोझर आणि पाण्याचे फवारे सोडले. त्या माळावर बुलातोव यांची चित्रं नव्हती. ज्यांनी मार खाल्ला त्यांच्या बाजूने बघितलं तर पुस्तकांच्या मानधनावर शांतपणे माळ्यावर बसलेला माणूस जरा सोयीचा वाटू शकतो. सरकारी प्रकाशनाचा पैसा खायचा आणि सरकारच्या घोषणेचे गज रंगवायचे.

माझं उत्तर पूर्ण नाही. पण एक दिसतं. राबिन यांच्या मंडळींना चित्र दाखवायचं होतं, आणि तो हक्क त्यांनी अंगावर घेऊन मिळवला. बुलातोव यांना चित्र पुरं करायचं होतं. ‘ब्रेझनेव क्रिमियात’ला १९८१ ते १९८५ लागली. दर वर्षी निम्म्याने तोडलेला वेळ असताना चार वर्षं एका कॅनव्हासला देणारा माणूस माळावर एका सकाळसाठी ते न्यायला तयार होणार नाही. यात भित्रेपणा किती आणि हट्ट किती, हे बाहेरून वजन करून सांगता येत नाही.

घडी मोडली तेव्हा

१९८९ मध्ये बुलातोव न्यूयॉर्कला गेले, १९९२ मध्ये पॅरिसला स्थिरावले. वासिलिएव १९९० मध्ये अमेरिकेला गेले आणि तिथेच राहिले, २०१३ मध्ये त्यांचं निधन झालं. दोघं दोन खंडांत. पोटासाठी पुस्तकं काढायची गरज उरली नाही, आणि तिसरा चित्रकार कुठल्याच विमानात बसला नाही. २००८ मध्ये लंडनच्या लिलावात ‘कम्युनिस्ट पक्षाचा विजय असो’ला दहा लाख पौंडांहून जास्त किंमत आली. ज्या देशात त्याला गिऱ्हाईक नव्हतं तो देश तोवर नकाशावर नव्हता.

आता पूर्ण वर्ष हातात होतं. या काळातली चित्रं मला थोडी कमी धरतात, हे कबूल करतो. अडवणारी फीत गेल्यावर उरलेली मोकळी जागा त्यांनी शब्दांनी भरायचा प्रयत्न केला. ‘स्वातंत्र्य म्हणजे स्वातंत्र्य’सारखी चित्रं ताकदीची आहेत, पण त्यांत अक्षरं आभाळात सुसाट पळतात आणि नजरेला कुठे आपटायला मिळत नाही.

एक अपवाद आहे, आणि तो रंगांचा नाही, पोलादाचा आहे. २०१७ मध्ये, रशियन क्रांतीला शंभर वर्षं झाली तेव्हा, लंडनमध्ये टेट मॉडर्न या कलासंग्रहालयाच्या बाहेर बुलातोव यांची अक्षरं उभी राहिली. माणसाहून उंच, लाल. शब्द तोच, जो सोव्हिएत फलकांवर सगळीकडे असायचा: ‘पुढे’. तो पुन्हापुन्हा, वर्तुळात मांडलेला. वाचत वाचत चालायला लागलं की माणूस ‘पुढे, पुढे’ करत पहिल्या अक्षरापाशी परत येतो. बाहेर पडायला अक्षरांच्या मधल्या फटी आहेत, ऐसपैस. त्यांतून थेम्स दिसते.